इथाकेचे तिकीट पिरेअसला मिळत नाही

ग्रीसमधल्या बेटांची सफर आणि मराठी प्रवासवर्णन एकत्र आले की एक परिच्छेद आधीच लिहून ठेवलेला असतो. पिरेअसच्या धक्क्यावरून बोट सुटते, लेखक कठड्याशी उभा राहतो, पाणी निळेशार असते आणि लेखकाला ओडिसिअस आठवतो. मग कव्हाफीची ‘इथाका’ येते, मुक्कामापेक्षा प्रवास मोलाचा असे चिंतन होते आणि बोट सँटोरिनीला लागते. ‘ललित’ या विशेषणाच्या छत्राखाली असे बरेच काही खपून जाते. प्रवासवर्णनाच्या तासाला आपण त्यालाच ‘चिंतनशीलता’ म्हणतो, हे अधिक गंभीर आहे.

आधी भूगोल पाहू. इथाका ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात आहे. पारोस, नाक्सोस, सँटोरिनी ही बेटे पूर्वेच्या एजिअनमध्ये. होमरचा नायक मलेआच्या भूशिरापाशी वादळात सापडतो आणि नऊ दिवस फरफटत थेट ओळखीच्या जगाबाहेर फेकला जातो. सिक्लाडीज बेटांतून त्याची भटकंती होतच नाही. त्यांतले डेलोस त्याच्या तोंडी येते, तेही नॉसिकाच्या रूपाला तिथल्या खजुरीच्या कोंबाची उपमा देताना. आणि कव्हाफी? तो अलेक्झांड्रियाच्या पाटबंधारे खात्यातला कारकून. त्याच्या इथाकेला बंदर नाही.

हा पंडिती कीस नव्हे. चुकीच्या समुद्रात ओडिसिअस दिसतो, कारण लेखक समोरच्या बोटीकडे पाहतच नाही. ती बोट म्हणजे बेटाची एस.टी. आहे. तिच्या पोटात भाजीचे ट्रक, औषधे, बांधकामाचे सामान, बदली झालेला शिक्षक आणि अथेन्सच्या इस्पितळातून परतणारी म्हातारी असते. उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो; तो मर्यादेबाहेर गेला की बंदर-अधिकारी बोटी रोखून धरतात. पर्यटकाचा एक दिवस बुडतो, बेटाचे दुकान रिकामे होते. हिवाळ्यात पर्यटकच नसतात. ज्या मार्गांवर नफा नाही ते सरकारी अनुदानावर चालतात आणि त्यांना ग्रीकमध्ये जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘वांझ मार्ग’ असा होतो. भाषेच्या अभ्यासकाला या एका नावावर पानभर लिहिता यावे! आपल्या लेखकांना मात्र ‘नीलमणी’ सुचतो.

२६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस समिना’ ही बोट पारोसजवळ पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळून बुडाली. त्या खडकांवर दिवा होता. बोट १९६६ साली बांधलेली, म्हणजे चौतीस वर्षांची. ऐंशीहून अधिक माणसे गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये पिरेअसलाच, सुटू घातलेल्या बोटीवर धावत चढू पाहणाऱ्या प्रवाशाला खलाशांनी मागे ढकलले. तो पाण्यात पडून बुडाला आणि बोट निघून गेली. ज्या भाषेने १९४७ ची ‘रामदास’ अजून विसरलेली नाही, तिच्या लेखकाला हे पाणी केवळ निळे दिसावे, याचे नवल वाटते.

यावर एक ठरलेला बचाव आहे: प्रवासवर्णन आत्मनिष्ठ असते, ते वृत्तपत्र नव्हे. मान्य. पण आत्मनिष्ठा म्हणजे पाहणाऱ्याच्या ‘मी’ला दृश्याने काही इजा करणे, इथे ‘मी’ जसा गेला तसाच, थोडा उन्हाने रापून, परत येतो. लाव्ह्रिओहून केआला जाणारी बोट मॅक्रोनिसोसच्या जवळून जाते. यादवी युद्धाच्या काळात तिथे डाव्यांसाठी छळछावणी होती. यानिस रित्सोस तिथे कैदी होता आणि लिहिलेल्या कविता बाटल्यांत घालून जमिनीत पुरत होता. त्या किनाऱ्याकडे पाहून ‘ओसाड, पण मोहक’ असे लिहिणाऱ्याच्या आत्मनिष्ठेत ‘आत्म’ कोणता, हे सांगणे अवघड आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये कोसच्या बंदरात एक मोठी फेरीबोट सिरियन निर्वासितांच्या नोंदणीसाठी आणि निवाऱ्यासाठी उभी केली होती. ओडिसिअस आठवायचाच, तर तिथे आठवावा: किनाऱ्याला लागलेला, अंगावर वस्त्र नसलेला, यजमानाची दया मागणारा. होमरने तो तसाच लिहिला आहे. आपण त्याला डेकवरच्या खुर्चीत बसवले.

बेट आतून कसे दिसते हे वाचायचे असेल तर आलेक्सांद्रोस पापादियामांदिस आहे. जन्म स्कियाथोस बेटावरचा, आणि १९०३ च्या ‘खुनी बाई’ या त्याच्या कादंबरीतले बेटही तेच. फ्रांगोयान्नू ही म्हातारी सुईण-वैदू हुंड्याच्या ओझ्याचा विचार करत करत लहान मुलींना मारू लागते. मराठी वाचकाला यातले एकही वाक्य परके वाटणार नाही. शेवटी शिपाई पाठीशी असताना ती समोरच्या मठाकडे जाणाऱ्या वाळूच्या चिंचोळ्या वाटेवर भरतीच्या पाण्यात बुडते. तिथला समुद्र रमणीयही आहे, हे पापादियामांदिस लपवत नाही. तेवढ्यावर थांबत मात्र नाही. कादंबरी लहान आहे, इंग्रजी अनुवाद मिळतो. पिरेअस ते पारोस चार-साडेचार तास लागतात; तेवढ्यात ती वाचून होते.