महागलेली रॅम, विजोड जोड्या

देवळाली कॅम्पसारख्या गावात गेमिंगचा कॉम्प्युटर सहसा एका दमात उभा राहत नाही. आधी कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक येते. मग दिवाळीला किंवा दहावीच्या निकालावर ग्राफिक्स कार्ड. रॅमची दुसरी स्टिक ‘नंतर बघू’ यादीत राहते, कारण ती कधीही मिळणारी, स्वस्त वस्तू होती. २०२५च्या अखेरीस हा हिशेब कोलमडला.

जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार केले. त्यांत महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचे लक्ष्य मांडले होते. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने ग्राहकांना थेट विकली जाणारी मेमरी बंद करत असल्याचे जाहीर केले. घरोघरचे कॉम्प्युटर ज्या नावावर २९ वर्षे वाढत गेले, ते बाजारातून उठले. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे खरा, पण तिथले काम चिप जोडण्या-तपासण्याचे. सिलिकॉनची मूळ चकती बाहेरूनच येते. त्यामुळे त्याच्या भरवशावर इथले भाव उतरतील असे समजण्यात अर्थ नाही.

भाव चढले की माणूस जोडजमाव करतो. जुनी ८ जीबीची स्टिक तशीच ठेवायची, जुन्या बाजारातून दुसऱ्या कंपनीची एक आणायची आणि दोन्ही बसवायच्या. कॉम्प्युटर सुरू होतो, १६ जीबी दिसते, घरात आनंद. चार दिवसांनी गेम मध्येच बंद पडतो, कधी निळा पडदा येतो, आणि दोष ग्राफिक्स कार्डाला, विंडोजला किंवा विजेला दिला जातो.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याचा पहारेकरी ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि आजही तीच चालते. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळतो, म्हणून डीडीआर४ मेमरीत प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावी लागते. वाचन, लेखन, भरणी यांचे वेळापत्रक अब्जांश सेकंदांत आखलेले असते. दोन स्टिक एकत्र चालतात तेव्हा दोघींना एकाच वेळापत्रकावर चालावे लागते. मदरबोर्ड दोघींपैकी संथ असेल तिचा वेग धरतो, पण खोक्यावर न छापलेल्या डझनावारी बारीक वेळा त्याला अंदाजाने बसवाव्या लागतात. घोटाळा बहुधा तिथेच होतो.

म्हणून ‘३२०० म्हणजे ३२००’ हे दुकानातले आश्वासन अपुरे आहे. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या स्टिकमध्येही वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारखान्यांच्या चिप असू शकतात. एका खोक्यात दोन स्टिकचा जो संच मिळतो, त्याची किंमत या एकत्र तपासणीची असते. शिवाय मोठ्या अक्षरांतला वेग हा बहुतेकदा मूळ मानकापेक्षा चढवलेला वेग असतो. तो एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि तो पेलणे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर अवलंबून असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे अधिकृत आकडे बोलके आहेत: डीडीआर५च्या दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चारही खाचा भरल्या की कॉम्प्युटर वेगवान होतो, हा समज इथे उलटा पडतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ तर एकमेकांच्या खाचेत बसतच नाहीत. पिना दोन्हीकडे २८८, पण मधली फट सरकलेली आहे. जोर लावून बसवू पाहणाऱ्यांनी ती आधी पाहावी.

खरा धोका गेम बंद पडण्याचा नाही. त्याच कॉम्प्युटरवर घरातले फोटो असतात, मुलीचा प्रकल्प असतो, वडिलांचा जीएसटीचा हिशेब असतो. चुकलेला बिट फाइलसोबत डिस्कवर लिहिला गेला की बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाते, आणि कळते ते महिन्यांनी. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये निदान एक चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरांत चूक पकडणारी ईसीसी मेमरी होती, म्हणून नोंद तरी झाली. घरगुती गेमिंग कॉम्प्युटरमध्ये ती सहसा नसते. ‘डीडीआर५मध्ये ईसीसी असतेच’ असे विक्रेते सांगतात, ते अर्धसत्य आहे. ती दुरुस्ती चिपच्या आतली. चिप ते प्रोसेसर या वाटेवर तिचे संरक्षण नाही.

त्या अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला होता, पण ती यंत्रे डेटा सेंटरच्या थंड हवेतली. देवळालीची हवा एकेकाळी आरोग्यधामांसाठी नावाजलेली असली, तरी एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो. बंद खोलीत, ग्राफिक्स कार्डाच्या गरम झोताशेजारी रॅम बसलेली असते. तापमान वाढले की भार लवकर गळतो. ८५ अंशांपुढे तर मानकानुसार भरणीचा वेग दुप्पट करावा लागतो. जानेवारीत बिनतक्रार चाललेली विजोड जोडी उन्हाळ्यात अडखळली, तर नवल नाही. लष्करी वस्तीत बदल्या होतात, सामान ट्रकने फिरते. प्रवासानंतर आलेला बिघड कधी कधी स्टिक काढून, नीट दाबून पुन्हा बसवल्यावर संपतो.

पैसे हाताशी नसतील तर काय करावे? मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपासलेल्या मेमरीच्या यादीत स्टिकचा पूर्ण क्रमांक शोधावा. दोनच स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरीच्या वेळा जुळवत असतो, घाबरून बटण दाबू नये. विजोड जोडी वापरावीच लागली तर एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर चालवावी. गेममध्ये काही फ्रेम कमी पडतील, फाइली शाबूत राहतील.

आणि मेमटेस्ट८६प्लस हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. त्यात एकही लाल ओळ चालत नाही. ‘फक्त दोनच चुका’ म्हणजे नापास. एकेक स्टिक वेगळी तपासली की दोष स्टिकचा की जोडीचा, हे उघड होते. ही चाचणी स्टिक आणली त्याच रात्री लावावी, कारण माल परत करण्याची मुदत काही दिवसांचीच असते आणि या भावात बदली स्टिक कोणी आपणहून देणार नाही.