घोडा, शवाल आणि कुदुरे



मागच्या रविवारी बस्तीतून बाहेर पडताना एका मैत्रिणीने मला थांबवलं. तिचा नातू चार वर्षांचा आहे. गाणी आणि खेळांतून लहान मुलांना फ्रेंच शिकवणाऱ्या एका क्लासची जाहिरात सुनेने पाहिली होती. "तुझी लेक तिकडे असते, तू राहून आलीस. सांग, घालू का त्याला?" चपला घालता घालता मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते अर्धवटच होतं. घरी आल्यावर मनात तेच घोळत राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझी लेक कॅनडात, मॉन्ट्रियलला असते. ते शहर ज्या क्यूबेक प्रांतात आहे तिथे 1977 साली एक कायदा झाला. काही अपवाद सोडले तर बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावं लागतं. त्यामुळे नातीचं फ्रेंच पाळणाघरापासूनच सुरू झालं. मी बाळंतपणाला गेले नव्हते, नात साडेतीन वर्षांची असताना सहा महिने राहायला गेले. तिच्याबरोबर मीही थोडं फ्रेंच शिकले, ते सगळं गाण्यांतून आणि खेळांतून.

पाळणाघरातून आली की ती डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला हात लावत गाणं म्हणायची आणि मलाही म्हणायला लावायची. माझे गुडघे कुरकुरायचे, पण शब्द पक्के बसले. हात, चाल आणि शब्द एकदम आले की पाठ करायचे कष्ट पडत नाहीत. आपल्याला हे नवीन नाही. 1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला गाणी, खेळ आणि आजूबाजूच्या वस्तू घेऊनच बालवाड्या चालवल्या. म्हणजे क्लासवाले जे नवं म्हणून सांगतात ते आपल्याच महाराष्ट्रात चांगलं जुनं आहे.

पण गाण्याची एक गंमत माझ्या लक्षात आली. नातीला एक ते दहा आकडे गाण्यात घडाघडा यायचे. मी सहा बोटं दाखवून विचारलं की ती पुन्हा एकपासून सुरुवात करायची. मला आधी हसू आलं, मग स्वतःचंच आठवलं. चोवीस तीर्थंकरांची नावं मी लहानपणापासून म्हणते. तरी कुणी तेरावे कोण असं विचारलं तर मलाही ऋषभनाथांपासून बोटं मोजत विमलनाथांपर्यंत यावं लागतं! गाण्यात शब्द माळेत ओवलेला असतो. माळ हलवली की सगळे मणी हलतात, एकच मणी हवा तर हाती लागत नाही.

तो एक मणी काढायचं काम खेळ करतो. आपली मुलं "शिवाजी म्हणतो, हात वर" असं खेळतात ना, तोच खेळ तिकडे "झाक आ दी" म्हणून खेळतात, म्हणजे झाक म्हणाला. पुढे काय हुकूम येईल ते माहीत नसतं, म्हणून मुलाला प्रत्येक शब्द वेगळा ऐकावा लागतो. म्हणून क्लास बघायला गेलात तर किती गाणी शिकवता एवढंच विचारू नका. मुलं तो शब्द गाण्याबाहेर वापरतात का, ते बघा.

भाषा शिकताना मजाही खूप आली. एकदा भाज्यांची चित्रं घेऊन बसलो होतो. बटाट्याला फ्रेंचमध्ये "पॉम द तेर" म्हणतात, म्हणजे जमिनीचं सफरचंद. बटाटा आपण का खात नाही, हे नातीला समजावताना मी रोज थकायचे. त्या दिवशी म्हटलं, "बघ, नावातच आहे की तो जमिनीखालचा." तिला ते पटलं. ऐंशीला तिकडे "कात्र व्हँ" म्हणतात, म्हणजे चार विसा. माझ्या सासूबाई शेण्या अशाच विसाने मोजायच्या. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या सासूबाईंचा हिशोब फ्रान्सात चालतो हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. मी परत आल्यावर दीड-दोन वर्षांत नातीचं मराठी कमी होत गेलं. फोनवर मी मराठीत विचारायची, ती आधी एका शब्दात आणि मग फ्रेंचमध्येच उत्तर द्यायची. एकदा तिने मोठी गोष्ट सांगितली, हातवारे करून, अगदी रंगून. मला तिच्यातले चार शब्द कळले. मी नुसती हसून मान हलवली. फोन ठेवल्यावर लेकीवर चिडले, "घरात तरी मराठी बोला की!" लेक म्हणाली, "आई, तू मला कन्नड शिकवलंस का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं माहेर अथणीकडचं. माझी आई, आमची अव्वा, शेवटपर्यंत कन्नडच बोलली. मी सांगलीत मराठीतून शिकले, बी.कॉम. झाले, कुपवाडला सून म्हणून आले. लेकीला परीक्षेत उपयोग नाही म्हणून मी कन्नड शिकवलं नाही. अव्वा आजोळी आलेल्या नातीशी बोलायची आणि लेक माझ्याकडे बघायची, "काय म्हणते गं आज्जी?" तेव्हा मी मध्ये बसून दोघींना अर्थ सांगायची आणि त्यात मला काही वाईट वाटायचं नाही. अव्वाला काय वाटत असेल ते मला आता फोन हातात धरून कळलं.

म्हणून मी फ्रेंचशी भांडायचं सोडलं. तिथे राहणाऱ्या मुलीला ती भाषा भाकरीइतकी गरजेची आहे. मी पाळणाघराची पद्धतच उचलली. पुठ्ठ्याचे चोवीस पत्ते कापले आणि त्यावर तीर्थंकरांची लांछनं काढली. रविवारी संध्याकाळी इथे साडेसहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिकडे सकाळचे नऊ असतात. मी पत्ता धरते. "कोण?" "शवाल!" "आज्जीच्या भाषेत?" "घोडा!" "घोडा कुणाचा?" "संभवनाथांचा!" हत्ती एलेफाँ, तो अजितनाथांचा. कासव तोर्त्यू, ते मुनिसुव्रतनाथांचं. मी फ्रेंच चुकले की ती पोट धरून हसते आणि सुधारते. तिला आज्जीला शिकवायला मिळतं म्हणून ती मराठीही बोलते. वाक्यं अजून मोडकी आहेत, पण फोन ठेवायला ती तयार नसते.

आता मैत्रिणीचा प्रश्न. गेल्या वर्षी पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नको यावरून राज्यात मोठा वाद झाला. 29 जून 2025 ला सरकारने ते निर्णय मागे घेतले. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. तो वाद वाचताना मला वाटत राहिलं, कोणती भाषा याइतकाच दुसराही प्रश्न आहे : मूल ती बोलणार कुणाशी?

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगते. शब्द पेटीत ठेवून वाढत नाहीत, त्यांची रोज उलाढाल लागते. रोजकीर्दीत नोंद नसेल तर खातं बंद पडतं. कुपवाडच्या चार वर्षांच्या मुलाशी फ्रेंच बोलणारं घरात, गल्लीत, शाळेत कुणी नाही. क्लास संपला की सहा महिन्यांत गाण्याची चाल राहील, शब्द जातील. पैसे फुकट गेले तरी एक वेळ चालेल. पण त्या संध्याकाळी तो घरात आज्जीजवळ असता, तर त्याचं काय? हौस म्हणून घालायचं तर घाला, मुलाला आनंद होईल. त्यातून त्याला फ्रेंच येईल असं मात्र धरून चालू नका. पुढे दहावी-बारावीत गरज पडली तर तो हौसेने शिकेल.

त्यापेक्षा आपल्या भागात, सीमेवरच्या घरांत, जी भाषा फुकट मिळते ती आधी द्या. किती घरांत आज्जी अजून कन्नड बोलते! तिच्याशी बोलायला नातवंडं आहेत, तिला वेळही आहे. लांछनांचे पत्ते करायला जुन्या लग्नपत्रिका पुरतात. आपल्या पाठशाळेतही हा खेळ सुरू करावा असं मी सुचवणार आहे, कुणी मदतीला येत असेल तर सांगा.

मीही आता तिसरा शब्द जोडलाय. मागच्या रविवारी नातीला म्हटलं, "घोड्याला माझी अव्वा कुदुरे म्हणायची." तिने दोनदा म्हणून बघितलं. मागून लेकीचा आवाज आला, "आई, हत्तीला काय म्हणायची गं?"

"आने," मी सांगितलं.