हायफाय म्हणजे इमानदार

‘लग्न अगदी हायफाय झालं हो!’ असे आम्ही सहज बोलून जातो. महागडा हॉल, झगमगाट, भारी मोटार म्हणजे हायफाय. मूळ शब्द मात्र आवाजाच्या दुनियेतला. ‘हाय फिडेलिटी’चे ते लघुरूप. फिडेलिटी म्हणजे इमान. गायकाने जसे गायले तसेच यंत्रातून कानी पडावे. यंत्राने पदरचे काही घालू नये, असलेले गाळू नये. आपल्या भाषेत सांगायचे तर आवाजाची अमानत.

तरुण, निरोगी कान सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. यंत्राने ते सगळे सारख्या न्यायाने पोचवायचे. नुसता खर्ज वाढवला की ढोल ऐकू येतो आणि शब्द हरवतो.

कोल्हापूरला ही अमानत नवी नाही. शाहू महाराजांच्या दरबारातले उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे गाणे आज तबकडीवर ऐकायला मिळत नाही. तरी ते हरवले नाही. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या मुलांनी, शिष्या केसरबाई केरकरांनी ते कंठात सांभाळले. दोघा भावांकडून ते मल्लिकार्जुन मन्सूरांना मिळाले. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. आमची हिफ्ज करणारी मुलेही हेच करतात. रोजचा सबक उस्तादांना ऐकवायचा. एक जेर-जबर चुकला तरी पुन्हा म्हणायचा.

आणि गल्लीत? मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना आम्ही ‘डॉल्बी’ म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. त्यांचे नाव आम्ही खिडक्या हादरवणाऱ्या आवाजाला दिले! दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. संदल आणि ईद-ए-मिलादच्या जुलूसातही ती भिंत उभी राहते. नात लागते, पण एक शब्द कळत नाही. शेजारी तान्हे बाळ दचकते, आजारी दादी कानांवर हात ठेवते. आवाज खाली ठेवण्याचा सूरह लुकमानमधला उपदेश मुलांना शिकवणारे आम्हीच.

निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. पण पोलीस येईपर्यंत कशाला थांबायचे? जुलूसाच्या पुढच्या बैठकीत आपल्यापैकी कुणीतरी एवढेच विचारावे: ‘नातीचे शब्द ऐकू येतील ना?’ उत्तर ‘हो’ आले, तर छोटा स्पीकरही हायफाय आहे.