अरे, आवाज कुणाचा?

युवक महोत्सवात ही आरोळी तुम्ही दिलीच असेल. आता हाच प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात पोहोचलाय. २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांनी तिथं दाद मागितली. एआयनं त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना न्यायालयानं अंतरिम मनाई केली.

यात नवीन काय, हे समजायला दुसऱ्या एका आशाची कारकीर्द बघा. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली हिंदुस्थानी संगीत शिकल्या, अमेरिकेला गेल्या आणि ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या फ्री जॅझ अल्बमवर गायल्या. चौकटीत न बसणारा आवाज, अशी त्यांची ओळख झाली. त्यांच्या ‘स्पेस टॉक’ (१९७६) या गाण्याचा तुकडा २१ वर्षांनी रॅपर नटोरियस बी.आय.जी.नं आपल्या गाण्यात वापरला. याला सॅम्पलिंग म्हणतात, म्हणजे आवाजांचं कोलाजच. हिप-हॉप ऐकणाऱ्या पिढीपर्यंत पुथलींचा आवाज पोहोचला तो अशा तुकड्यांतून.

सॅम्पलिंगमध्ये मूळ रेकॉर्डिंग वापरलं जातं. आपल्याकडे त्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून परवानगी घ्यावी लागते. एआय क्लोनच्या गाण्यात मात्र जुन्या रेकॉर्डिंगचा एकही तुकडा नसतो. असतो फक्त त्या गळ्याचा पोत. म्हणून कलाकारांना ‘व्यक्तिमत्त्व हक्का’चा आधार घ्यावा लागतो आणि त्यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयं हा हक्क मानतात, पण बहुतेक वेळा नामवंतांच्या बाबतीत.

खरी अडचण इथंच आहे. नांदेड-लातूरमध्ये मोबाइलवर रॅप, रिमिक्स करणाऱ्या पोरापोरींना कुठलं आलंय नाव? ‘लातूर पॅटर्न’च्या गावात गाण्यात करिअर करतो म्हणणं आधीच अवघड. त्यात उद्या तुमचाच आवाज कुणी फुकटात वापरला तर?

तरी हात अगदीच रिकामे नाहीत. कॉपीराइट कायद्यात गायकालाही ‘सादरकर्त्याचा हक्क’ आहे, तोही ५० वर्षांचा. म्हणून मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा. कुणाला आवाज दिलात तर तो कशासाठी, किती काळासाठी आणि एआयला शिकवायला चालेल की नाही, हे लेखी घ्या. दुसऱ्याचा तुकडा घेताना परवानगी मागा. आणि कोलाजच करायचं असेल तर आडत बाजारातली बोली, गोदाकाठचा घाट, एसटी स्टँडवरचा गलका स्वतः रेकॉर्ड करा. त्या रेकॉर्डिंगचे मालक तुम्हीच.