यादीत नसलेल्या बाईचं डोकं कोण तपासणार?

न्यूयॉर्कमधले दोन मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळले आणि त्यानंतर कित्येक महिने हजारो माणसं त्या ढिगाऱ्यावर राबली. मृतदेह शोधणारी, लोखंड कापणारी, रस्ता सांभाळणारी, राडारोडा वाहणारी. डिसेंबरपर्यंत ढिगारा आतून धुमसतच होता. सिमेंटचं पीठ, काचेचे तंतू, अ‍ॅस्बेस्टॉस, शिसं, जळक्या प्लॅस्टिकचा धूर, हे सगळं ती माणसं श्वासातून आत घेत होती. खोकला, दमा, कॅन्सर या मार्गाने त्यांतली किती गेली हे आता जगाला माहीत आहे. यांतल्या काहींना पन्नाशीतच विसर पडू लागला, शब्द आठवेनासे झाले, ही गोष्ट मात्र बरीच उशिरा बोलली गेली.

स्टोनी ब्रुक विद्यापीठातले शॉन क्लाउस्टन, डॉ. बेंजामिन लुफ्ट आणि त्यांचे सहकारी या माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करत आले आहेत. २०२० साली त्यांनी ९९ जणांच्या मेंदूच्या एम.आर.आय. तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळे ४५ ते ६५ वयाचे. साधारण निम्म्यांची आकलनशक्ती व स्मरणशक्ती घसरलेली, बाकीच्यांची शाबूत. ज्यांची घसरली होती त्यांच्या मेंदूवरचा करडा थर अनेक ठिकाणी पातळ झालेला दिसला. त्यांचे मेंदू वयापेक्षा सुमारे दहा वर्षांनी म्हातारे वाटत होते.

‘अमेरिकेतल्या पोलिसांच्या मेंदूचे फोटो घेऊन आपण काय करायचं? इथे बाईला साधा एक्स-रे मिळत नाही,’ असं आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतील. म्हणू देत. मला वाटतं, हा विषय आपलाच आहे, कारण हे यंत्र कोणाच्या डोक्यावर फिरतं आणि कोणाच्या नाही, हे डॉक्टरांच्या खोलीत ठरत नाही. ते फार आधी, हजेरीपटावर ठरतं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी. ढिगाऱ्यावर काम केलेल्या अनेकांना आघातानंतरचा मानसिक ताण जडलेला होता. रात्री दचकून जागं होणं, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा समोर येणं. साहजिकच शंका अशी, की विसरभोळेपणा त्या ताणातूनच आला असेल. संशोधकांनी म्हणून ताण असलेले आणि नसलेले असे दोन्ही गट घेतले. ज्यांची आकलनशक्ती घसरली होती त्यांच्यात, ताण असो वा नसो, मेंदूचा थर पातळ आढळला. याच चमूने २०१६ मध्ये ८१८ जणांच्या पाहणीतून दाखवलं होतं, की ती दृश्यं ज्यांचा पिच्छा सोडत नाहीत त्यांच्यात आकलनाची घसरण अधिक आहे. म्हणजे धूळही खरी आणि धसकाही खरा. आपल्याकडे बाई दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, मला आठवत नाही हो’ म्हणाली की उत्तर तयार असतं: टेन्शन घेऊ नका. पाळी जायचं वय आहे. मनाला लावून घेता तुम्ही. मन म्हणजे जणू शरीराच्या बाहेर कुठेतरी टांगलेली पिशवी! बाईचं दुखणं मनाचं ठरलं की ते खोटं ठरवायला सोपं जातं, आणि मग ते कशातून आलं याचा शोध घ्यायची जबाबदारीच उरत नाही.

२०२४ साली याच गटाने आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ५०१० जणांवर २०१४ ते २०२३ या काळात नजर ठेवली. २२८ जणांना पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश झालेला आढळला. जितका धुळीशी संबंध जास्त तितकं प्रमाण जास्त. ज्यांनी मास्क आणि संरक्षक कपडे वापरले त्यांच्यात कमी. मास्क! त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वास घ्यायला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं होतं. असं सांगण्याइतकी माहिती तेव्हा हाती नव्हती, हे त्याच खात्याच्या अंतर्गत तपासनिसाने २००३ मध्ये लिहून ठेवलं. बाजार आणि कचेऱ्या लवकर उघडायच्या होत्या.

आता विचारायला हवं: या पाच हजारांत बायका किती? दहांत एकही नाही. बायका तिथे नव्हत्या म्हणून, असं उत्तर कोणी देईल. मग त्या का नव्हत्या तेही सांगावं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात बाईला शिरायला कोर्टात जावं लागलं होतं. ब्रेंडा बर्कमन यांनी शहराविरुद्ध दावा लावला, १९८२ मध्ये तो जिंकला, तेव्हा चाळीसेक बायका भरती झाल्या. वीस वर्षांनी, मनोरे पडले तेव्हाही, दलात त्या मूठभरच होत्या. बर्कमन स्वतः त्या ढिगाऱ्यावर काम करत होत्या आणि वर्तमानपत्रं ‘आपले शूर भाऊ’ म्हणून मथळे देत होती.

आणि ज्या बायका खरोखर मोठ्या संख्येने होत्या त्यांना कोणी शूर म्हटलंच नाही. ढिगाऱ्याभोवतीच्या कचेऱ्या आणि घरं धुळीने भरली होती. ती पुसली कोणी? लॅटिन अमेरिकेतून, पोलंडमधून आलेल्या स्थलांतरित बायकांनी. अनेकींकडे कागदपत्रं नव्हती. रोजंदारीवर, हातात रोख पैसे, ठेकेदाराचं नाव अर्धवट माहीत. टेबलं, गालिचे, खिडक्यांचे पडदे यांतली तीच धूळ त्यांनी ओल्या फडक्याने काढली, बऱ्याचदा मास्कशिवाय. झाडू हातात असला की ते आपत्तीतलं काम राहत नाही, ते ‘साफसफाई’ होतं. २०११ मध्ये झॅड्रोगा कायदा अमलात आला आणि उपचारांची सरकारी योजना सुरू झाली. सफाई कामालाही तिने दार उघडलं, पण आत जायला कुठे, कधी, किती काम केलं याचा पुरावा हवा. रोख मजुरीला पावती कुठली?

याच योजनेतला एक दाखला तर आपल्या प्रत्येक शिबिरात सांगावा असा आहे. २०१२ मध्ये अनेक प्रकारचे कॅन्सर योजनेत घेतले गेले. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर २०१३ मध्ये आला. गर्भाशयाचा कॅन्सर? जानेवारी २०२३. कोणी दुष्टपणाने तो वगळला होता असं नाही, आणि तीच तर खरी गोम आहे. अभ्यास झाले ते प्रामुख्याने अग्निशामक आणि पोलीस पुरुषांवर. बायका इतक्या थोड्या, की संख्याशास्त्राला त्यांच्यात काही ‘सिद्ध’ करता येईना. आधी कामावर घ्यायचं नाही, घेतलं तर कामाला नाव द्यायचं नाही, मग मोजणीत कमी पडतात म्हणून पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून उपचार नाहीत. मेंदूच्या बाबतीतही हेच होऊ घातलेलं दिसतं.

हे सगळं आपल्या दाराशी आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशाताईंनी काय केलं ते आपण पाहिलंय. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत ताप मोजत घरोघर त्याच हिंडल्या. मी ज्या तालुक्यात काम करते तिथल्या काही जणींनी ओढणीची घडी तोंडाला बांधून पहिले आठवडे काढले. त्या कामगार नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत असं शासन म्हणतं. पगार नाही, कामावर आधारित मोबदला. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. केंद्राने पन्नास लाखांचा विमा जाहीर केला होता, तो मृत्यूसाठी. जिवंत राहून जिची शक्ती गेली, तिच्यासाठी त्यात काही नव्हतं.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८५ जणांचे मेंदू दोनदा तपासल्याचं प्रसिद्ध केलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात त्यांतल्या ४०१ जणांना कोविड झाला होता, बहुतेकांना सौम्य. त्यांच्यात वासाशी संबंधित भागांतला करडा थर इतरांपेक्षा जास्त पातळ झालेला आढळला. फरक मोठा नव्हता, पण होता. ब्रिटनमध्ये हे कळलं, कारण आजाराआधीचे फोटो तिथे जपून ठेवलेले होते. आमच्या आशाताईची आधीची कुठली नोंद आहे? रजिस्टर भरता भरता मधेच थांबून ‘ताई, मी काय लिहीत होते?’ असं विचारणाऱ्या दोघी-तिघी मला भेटल्या आहेत. कोविड, अ‍ॅनिमिया, झोपेचा अभाव की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही, कारण कोणी पाहिलेलंच नाही.

म्हणून ‘प्रत्येकीचा एम.आर.आय. करा’ अशी मागणी उद्या कोणी मोर्चात पुढे केली तर मी तिच्या विरोधात बोलेन. हे फोटो गटागटांची तुलना करायला उपयोगी आहेत. एकट्या बाईच्या फोटोवरून तिचा थर धुळीने पातळ झाला की तापाने, हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. खाजगी केंद्रांची मात्र चंगळ होईल. मागायचं आहे ते याच्या आधीचं. पूर असो, साथ असो, दरड असो, कामाला जुंपलेल्या प्रत्येक बाईची नोंद शासनाने त्याच दिवशी करावी, मग ती आशा असो, अंगणवाडी सेविका असो, गटप्रवर्तक असो की ठेकेदाराची सफाई कामगार. दरवर्षी तिची आरोग्य तपासणी व्हावी आणि तीत आठवण-आकलनाचे साधे प्रश्न असावेत. त्याला यंत्र लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका आणि वीस मिनिटं लागतात. ती दोन्ही तालुक्यात मिळत नसतील तर भांडण तिथे आहे.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर गटांनी स्वतःची वही घालावी. तारीख, गाव, काय काम केलं, किती तास, तोंडाला काय होतं, कोणी पाठवलं, आणि नंतर काय काय जाणवलं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहावं, शेजारच्या दोघींनी साक्षीला सही किंवा अंगठा करावा. वही गटाच्या कपाटात राहील, पण तिची झेरॉक्स बाईच्या घरी असू दे, रेशनकार्ड ठेवते त्याच पिशवीत.