जुन्या कागदांना एक खोली द्या



मराठीचं व्याकरण (१८०५) आणि मोडी अक्षरांतला मराठी कोश (१८१०) छापणारे विल्यम कॅरी हिंदुस्थानात येण्यापूर्वी इंग्लंडमधल्या मोल्टन गावी राहत. १७८५ ते १७८९ या काळात तिथे ते जोडे शिवत, शाळा चालवत आणि उपदेशही करत. त्यांचं ते छोटंसं घर आज संग्रहालय आहे. कातडं भिजवायची कुंडी अजून घराबाहेर आहे. शेजारची बाप्टिस्ट मंडळीच हे सगळं सांभाळते. राजाची तलवार सरकार जपेल. जोडे शिवणाऱ्याची कुंडी शेजाऱ्यांनीच जपायची असते.

आपलं काय? बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं. दोनशे वर्षांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी म्हणजे साऱ्या शहराचा इतिहास. कोण कुठल्या गावाहून आलं, काय धंदा करत होतं, प्लेगने किती घरं रिकामी केली, हे अशाच वह्यांतून कळतं. पण मेथडिस्ट पाळकांची बदली होते, कपाटाची किल्ली हात बदलते आणि सगळ्यांची वस्तू कुणाचीच राहत नाही. जुना मिशन बंगला दिसला की लोकांना आधी जागेचा भाव आठवतो. मोडी वाचणारेही आता मोजकेच उरलेत. दोष दुसऱ्यांना कशाला देऊ? आमचं घर पाडताना आजोबांचं बायबल, पहिल्या पानावरच्या चार पिढ्यांच्या नावांसकट, आम्हीच रद्दीत घातलं.

त्यासाठी लगेच इमारत नको. पाळकबंगल्यातली एक कोरडी खोली आणि शनिवारचे दोन तास पुरेत. आधी यादी करा, मोबाईलवर फोटो काढा. जुन्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. घरून कुणी वस्तू दिली तर लेखी पावती द्या. आणि सगळं एकाच हौशी काकांवर सोपवू नका. अशी कामं बहुधा त्या काकांबरोबरच संपतात. किल्ल्या दोन ठेवा, एक तरुणांकडे द्या. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनाही बोलवा. मिशन शाळेत शिकलेल्यांच्या घरी जुने फोटो निघतील.

पुढच्या पिढीने विचारावं म्हणून यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे आणवले. ते बारा जणांनी खांद्यावर वाहिले, एकट्याने नाही.

— एक वाचक, बेळगाव