साठ वॅटचा दिवा आणि उसाचा फड

प्रयोगशाळा सोडून बाजारपेठेत उतरणाऱ्या प्राध्यापकाची कथा आजच्या उद्योगधार्जिण्या प्रचारकांना फार प्रिय आहे. शास्त्रज्ञाने शोध लावावा, कंपनीने तो विकावा आणि सरकारने बाजूला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, हे त्या कथेचे ठरलेले तात्पर्य. मुंबईत जन्मलेले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक डॉ. अशोक गाडगीळ यांना 2023 च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, तेव्हापासून त्यांचेही नाव या देव्हाऱ्यात बसवण्यात आले आहे. गाडगीळ सन्मानाला सर्वथा पात्र आहेत. हरकत आहे ती त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या तात्पर्याला. पाण्याच्या प्रत्येक घागरीसाठी झगडणाऱ्या बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तर ही कारकीर्द मुळातून तपासलीच पाहिजे.

1950 साली जन्मलेल्या गाडगीळांनी मुंबई विद्यापीठ, कानपूरची आय.आय.टी. आणि कॅलिफोर्नियातील बर्कले असा शिक्षणाचा मार्ग आक्रमिला व 1979 साली पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. बर्कलेत त्या वेळी आर्थर रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे शिष्य होते. 1973 च्या तेलसंकटानंतर त्यांनी मूलकणांचे संशोधन सोडून वीज वाचवण्याच्या शास्त्राला वाहून घेतले होते. दिव्याला, शेगडीला, पाण्याच्या भांड्याला शास्त्रज्ञाने हात लावला तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, ही दृष्टी त्या वातावरणाने दिली. ऐंशीच्या दशकात गाडगीळ काही वर्षे दिल्लीच्या टाटा ऊर्जा संशोधन संस्थेत होते. पुढे ते बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत परतले आणि कालांतराने तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

1992 च्या अखेरीस भारतात पटकीच्या जंतूचा एक नवा प्रकार, ओ-139, उद्भवला आणि बंगालच्या परिसरात त्याने हजारो बळी घेतले. 1993 मध्ये गाडगीळांनी या प्रश्नाला हात घातला. अतिनील किरणांनी जंतू मरतात ही गोष्ट नवी नव्हती. नवी होती ती मांडणी. प्रचलित यंत्रांत दिवा पाण्यात बुडवलेला असे, त्यावर क्षारांचा थर चढे आणि खेड्यात तो घासून पुसणार कोण, या प्रश्नाशी सारे अडे. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर, हवेत टांगला आणि खालच्या उथळ तबकातून पाणी केवळ उताराच्या जोरावर वाहू दिले. पंपाचा दाब नको, नळाची जोडणी नको. घरातल्या एखाद्या जुन्या दिव्याइतकी, म्हणजे साठ वॅटच्या आसपास वीज पुरते आणि मिनिटाला सुमारे 15 लिटर पाणी निर्जंतुक होते. खर्च टनामागे पाच सेंटांच्या आसपास. तेव्हाच्या विनिमयदराने हजार लिटरला दोन रुपयेसुद्धा नव्हेत! वीस लिटरच्या जारला चार पैसे.

आता हे यंत्र कोणाच्या पैशावर जन्मले ते पाहावे. बर्कलेची प्रयोगशाळा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची आहे. ती बाजारपेठेने उभी केली नाही, करदात्यांनी उभी केली. कानपूरची संस्थाही सरकारच्या, म्हणजे जनतेच्या पैशावरच चालते. शोधाचा पाया आणि भिंती सार्वजनिक. मात्र छप्पर चढताच दारावर पाटी खाजगी कंपनीची लागली. 1996 च्या सुमारास ‘वॉटरहेल्थ इंटरनॅशनल’ या कंपनीने यंत्राचा परवाना घेतला. गाडगीळ स्वतः व्यापारी झाले नाहीत, ते प्राध्यापकच राहिले. दार्फूरच्या निर्वासित स्त्रियांसाठी सरपण वाचवणारी चूल, बंगालातील आर्सेनिकयुक्त पाण्यावरील उपाय अशीच त्यांची पुढची कामे आहेत. उद्योजकतेचे पोवाडे गाणारे हा तपशील सोयीस्करपणे गाळतात.

कंपनीने 2005-06 पासून आंध्र प्रदेशात ग्रामीण जलकेंद्रे काढली. जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने तीत भांडवल घातले. पद्धत अशी, की जागा ग्रामपंचायतीची, कच्चे पाणी गावाचे, यंत्र कंपनीचे आणि गावकऱ्याने कॅन भरताना दाम मोजायचे. यातून अनेक गावांना पूर्वीपेक्षा चांगले पाणी मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जो प्रश्न विचारायला हवा होता तो कोणी विचारला नाही. गावाचे पाणी गावालाच विकत घेणे भाग पडावे, हा अपरिहार्य निसर्गनियम कधीपासून झाला?

त्यावर ठराविक उत्तर मिळते. पंचायती नादान आहेत, नळपाणी योजना बंद पडतात, वीजबिल थकते. कंपनी निदान पाणी तरी देते. पहिला भाग दुर्दैवाने बऱ्याच अंशी खरा आहे आणि समाजवाद्यांनी तो झाकू नये. परंतु बंद पडलेली शाळा पाहून शिक्षण विकायला काढावे असे म्हणणारा आणि बंद पडलेली योजना पाहून पाणी विकायला काढावे असे म्हणणारा यांच्यात फरक तो काय? शिवाय ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची तहान बाजाराच्या हिशेबात मागणी म्हणून धरलीच जात नाही.

बीड जिल्ह्यात हा हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळी बांधली गेली. भूमिगत मार्गाने खेळवलेले तिचे पाणी कोणत्याही पंपाविना केवळ उताराने शेतांपर्यंत गेले. उतार कामाला लावण्याचे शहाणपण बालाघाटाच्या पायथ्याला बर्कलेहून आणावे लागले नसते! त्याच भूमीत आज उन्हाळा आला की टँकर आणि जार यांचे राज्य सुरू होते. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जारवाल्याने वीस लिटरला पाचच रुपये घेतले तरी हजार लिटरचे अडीचशे होतात. या पाण्यातील क्षार काढणारी यंत्रे अधिक खर्चाची असतात, हे मान्य. गाडगीळांचा दिवा जंतू मारतो, क्षार किंवा फ्लोराइड काढत नाही आणि त्याला गढूळ पाणीही चालत नाही. तरीही दोन रुपये आणि अडीचशे यांमधील सारे अंतर केवळ शास्त्राचे आहे, यावर कोण विश्वास ठेवील?

आणि ज्यांना अडीचशेही परवडत नाहीत, किंबहुना ज्यांच्यापर्यंत जारवालाही पोचत नाही, त्यांचे काय? दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल अंगावर, मूल कडेवर आणि मुक्काम कोपीत. पाणी मिळेल तेथून आणायचे; विहीर, कालवा, प्रसंगी शेताचा पाट. 2019 साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे भीषण प्रकरण उजेडात आले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत अशा स्त्रियांची संख्या 13 हजारांहून अधिक निघाली. खाडा झाला की दंड, ना स्वच्छतागृह, ना स्वच्छ पाणी, आणि मग दुखणे विकोपाला गेल्यावर खाजगी रुग्णालय. या साखळीत पाणी ही पहिल्या कड्यांपैकी एक आहे.

ज्या कारखान्यासाठी ही माणसे राबतात, त्यांतील अनेक कारखाने चिपाडावर वीज निर्माण करून ती मंडळाला विकतात. मेगावॅटनी वीज विकणाऱ्या कारखान्याच्या गट्टीत साठ वॅटचा एक दिवा बसत नाही! तो कोणत्या पेटंटने अडवला आहे?

वीस कोयत्यांची, म्हणजे वीस जोडप्यांची एक टोळी घ्यावी. मुलाबाळांसह पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाचे हजार लिटर पाणी धरावे. महागाई जमेस धरून निर्जंतुकीकरणाचा जुना खर्च दसपट केला तरी वीस रुपयांच्या आत काम भागते. जोडप्यामागे दिवसाला दीड टन धरला तर हीच टोळी तीस टन ऊस तोडते. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे शासनाने ठरवले आहे. म्हणजे या एका टोळीच्या श्रमावर दिवसाला तीनशे रुपये जमा व्हायला हवेत. पाण्याची टाकी, गाळणी, वाहतूक हे सारे त्यात धरूनही शिल्लक उरेल.

कारखानदारांचा बचाव ठरलेला आहे: तोडणारे आमचे कामगार नव्हेतच, ते मुकादमाचे. हा बचाव कायद्याच्या पुस्तकात टिकत नाही. कंत्राटदाराने पिण्याच्या पाण्याची सोय केली नाही तर मूळ मालकाने ती करावी, अशी तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. हा कायदा फडावर राबवण्याची हिंमत कोणत्या सरकारने दाखवली? कारखान्याचे अध्यक्ष आणि मंत्री एकाच पंगतीत बसत असताना तपासणी अधिकाऱ्याने कोपीपर्यंत चालत जावे, ही अपेक्षा बाळगणेही भाबडेपणाचे ठरते.

आपल्याच बाजूच्या काही मित्रांना यंत्राचा उल्लेखही नकोसा वाटतो; यंत्र म्हणजे भांडवलदाराचा हस्तक, अशी त्यांची समजूत आहे. गाडगीळांचा दिवा या समजुतीला उत्तर आहे. तो दुरुस्तीला सोपा आणि चालवायला स्वस्त आहे, आणि मूलतः गरिबाचाच विचार करून बनवला आहे. तो कंपनीच्या कुलपात का गेला, याची चौकशी जरूर करावी. परंतु तो फोडून टाकल्याने कोपीतल्या मुलाची हगवण थांबणार नाही.

दर हंगामाआधी साखर आयुक्त प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना देतात. एफ.आर.पी. थकवणाऱ्यांचा परवाना अडवण्याची भाषा तेथे होत असते. त्याच परवान्यात प्रत्येक तळावर निर्जंतुक पाण्याची अट घालावी, तळांची यादी जाहीर करावी आणि तपासणीत टोळीतील एक स्त्री सभासद असावी, ही मागणी येत्या गाळपापूर्वी बीड, माजलगाव आणि केजच्या तहसील कचेऱ्यांवर गेली पाहिजे. मुकादम उचल वाटू लागण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच.